नोकरनाम्यावरचे गुरुजी

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना आमच्या बारमध्ये हजेरी व्हायची, असं मी कुठं सांगितलं की लोक आधी माझ्याच तोंडाकडे बघतात. बाई, तुम्हीच तर थोडी घेऊन आला नाहीत ना? अरे बाप्पा, मी कशाला खोटं सांगू! पाच वर्षं सरहद्दीपलीकडे तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या त्या बारच्या स्वयंपाकघरात मी भाकरी थापली, कोंबडी शिजवली, शेंगदाणे तळले. पाच वर्षं रोज त्या हजेरीला उभी राहिले. दोन वेटर, भांडी घासणारी, झाडणारा आणि मी, अशी आमची रांग. हात मागे, चपला सरळ. समोर काउंटर सांभाळणारे गुरुजी, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. गुरुजींच्या मागे फळ्यांवर बाटल्या झगमगायच्या.

हजेरी झाली की नियम. आबकारी खात्याची पाटी भिंतीवर होती, पण ती तेलुगूत आणि इंग्रजीत. गुरुजींनी बाजूला काळा फळा टांगला होता आणि त्यावर खडूनं, मोत्यासारख्या अक्षरात, सगळं मराठीत उतरवलं होतं. ते वाचायचे, आम्ही मागून म्हणायचं. एकवीस वर्षं पूर्ण नसलेल्यास मद्य देऊ नये. आधीच प्यायलेल्यास आणखी देऊ नये. वेळेआधी, वेळेनंतर आणि बंदीच्या दिवशी देऊ नये. भांडी घासणारी गोंड बाई, तिला मराठी धड येत नव्हती, पण "देऊ नये" एवढं ती इतकं ठासून म्हणायची की गुरुजी तिला शाबासकी द्यायचे. एकदा आबकारीचे नवे साहेब तपासणीला नेमके त्याच वेळी आले. गुरुजींनी त्यांना हातानं थांबायची खूण केली आणि पुढचा नियम वाचला. बिचारे साहेब टोपी काढून शेवटपर्यंत उभे राहिले.

आता मास्तर माणूस बारमध्ये आला कसा, ते सांगते. बारचा परवाना शेटच्या नावाचा. शेट म्हणजे आमचा मालक, मूळचा तलमडुगुकडच्या एका खेड्यातला किराणावाला, आबकारीच्या चिठ्ठ्यांमध्ये परवाना लागला आणि बारवाला झाला. पण मालक काही दिवसभर काउंटरवर बसत नाही. त्याच्या जागी जो विकणार त्याचं नाव आबकारीत लावावं लागतं, आणि त्या कागदाला आमच्याकडे निजामाच्या काळापासून नोकरनामा म्हणतात. नोकरनाम्याला माणूस लागतो स्वच्छ, एकही पोलीस केस नसलेला. शेटनं गावात शोध शोध शोधलं. शेवटी त्याच्याच खेड्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, इचोड्यात खोली घेऊन एकटेच राहणारे हे गुरुजी सापडले. शेट म्हणायचा, "ज्याच्या नावानं कुत्रं बी भुंकत नाई असा येकच मानूस भेटला बाप्पा, आन् तो नेमका मास्तर निंगाला."

लोकांनी नावं ठेवलीच. गुरुजींच्या वस्तीतली माणसं "जयभीम गुरुजी" म्हणून नमस्कार करायची आणि लगेच विचारायची, "लेकरं शिकवली जल्मभर, आता दारू वाटून राह्यले?" गुरुजी शांतपणे सांगायचे, "शाळेत बी मी येवढंच केलं जी. कोनाले आत घ्याचं आन् कोनाले भाईर उभं कराचं." दारूचा थेंब त्यांनी कधी चाखला नाही. वाससुद्धा सहन होत नसे, म्हणून रुमालात ओव्याची पुरचुंडी. रम कुठली आणि व्हिस्की कुठली हे त्यांना झाकणाच्या रंगावरून कळायचं. पण माप? माप घेताना गुडघे वाकवून डोळा मापाच्या पातळीला आणायचे आणि खालचा वक्र रेषेला टेकला की नाही ते बघायचे. विज्ञान शिकवायचे ना! गिऱ्हाईक जीभ बाहेर काढून बसलेलं, आणि गुरुजी त्याला समजावताहेत, की द्रवाचा पृष्ठभाग सपाट नसतोच मुळी.

आणि ते पाढे. त्या पाढ्यांनी तर आमचा बार अख्ख्या जिल्ह्यात बदनाम झाला.

प्यायलेल्या माणसाला आणखी द्यायची नाही, हे ठीक. पण माणूस प्यायला आहे हे ओळखायचं कसं? झुलतो म्हणावं तर आमच्या कापसाच्या काट्यावर वजन करणारा, ज्याला सगळे वजनदार म्हणत, तो कोरडा असतानाही झुलूनच चालायचा. डोळे लाल म्हणावं तर ट्रकवाल्यांचे झोपेनं लाल. गुरुजींनी आपली पद्धत काढली. तिसऱ्या पेगाला तेराचा पाढा. तेरा सक अठ्ठ्याहत्तर इथे अडखळला की संपलं, मग ताक आणि भाकरी. पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. निम्म्या लोकांना शुद्धीत असतानाही तेराचा पाढा येईना! दुसऱ्या पेगालाच घाम फुटून माणसं उठून जायला लागली. शेट डोक्याला हात लावून बसला. तर गुरुजींनी सुधारणा काय केली, दारातच परीक्षा. आत येताना, कोरड्या तोंडी, ज्याला जो पाढा येतो तो म्हणायचा. कोणाला सातचा, कोणाला नुसता दोनचा. नागपूरकडच्या ट्रकवाल्यांना वीसपासून उलटे आकडे. ते वहीत टिपायचं, आणि तिसऱ्या पेगाला तेच पुन्हा विचारायचं. गाडीची किल्ली तोवर खडूच्या डब्यात.

लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, दुसऱ्या बारला जायचे, आणि आठ दिवसांनी परत यायचे. कारण माप पुरं मिळायचं आणि घरी माणूस धड पोचायचा. बायकांनी तर नवऱ्यांना सांगूनच ठेवलं होतं, प्याचीच असन तर गुरुजीकडं प्या. तो काट्यावरचा वजनदार आणखी एका पेगासाठी एकोणीसपर्यंत पाढे शिकला. त्याची पोरगी मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, बाबा आता माझी गनितं घेते." मी तिला हसत हसत एक मूठ शेंगदाणे दिले.

पण वयाच्या बाबतीत गुरुजी म्हणजे भिंत. तिथे पाढा नाही, परीक्षा नाही, फक्त आधार कार्ड. कार्डावर एकवीस पूर्ण असले तर ये, नसले तर जा. एकदा एक माणूस आला, मिशीत दोन केस पांढरे, दोन लेकरांचा बाप. गुरुजींनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "दोन महिने बाकी हाय." तो रडकुंडीला आला. इकडे तेलुगूत सरांना सारू म्हणतात. "सारू, माझी पोरगी अंगनवाडीत जाते!" गुरुजी म्हणाले, "जाऊ दे ना, चांगली गोष्ट हाय. तू जूनमधी ये." मला इतका राग आला! मी म्हटलं, गुरुजी, डोळे फुटले का तुमचे, माणूस दिसत नाही तुम्हाला समोरचा? ते नुसतं कार्ड उलटंसुलटं करत राहिले. तेव्हा मला वाटलं, हट्टी म्हातारा आहे. कागदाला चिकटलेला. खरं काय ते मला कळलं शेटच्या पोराच्या वाढदिवसाला.

शेटचा एकच मुलगा. उंच, सरळ, कमी बोलणारा. त्याला दुकान नको, बार नको, त्याला फौजेत जायचं होतं. पहाटे हायवेच्या कडेनं धावायचा. भरतीचा फॉर्म भरला, धावण्यात पास झाला, पुढच्या परीक्षा बाकी होत्या. आणि संक्रांतीनंतर करीच्या दिवशी त्याचा वाढदिवस. शेटला आनंद मावेना. दुपारी पोराला आणि त्याच्या पाच दोस्तांना घेऊन बारमध्येच आला. मोठं टेबल मांडलं, मला चिकन करायला सांगितलं, आणि ओरडून म्हणाला, "गुरुजी, आज आपल्याच घरचं कार्य हाय, येऊ द्या!"

गुरुजी उठले, टेबलाजवळ गेले आणि हात पुढे केला. "कार्ड."

पोरं हसली. त्यांना वाटलं गंमत आहे. पण कार्डं दिली. गुरुजींनी चष्मा लावून एकेक बघितलं, पाच परत केली आणि सहावं शेटसमोर धरलं. "पाच पास. वाढदिवसवाला नापास. वीस हाय."

शेटचा चेहरा असा झाला की मी झारा हातात धरून दारातच थिजले. त्यानं गुरुजींचा दंड धरला आणि ओढत स्वयंपाकघरात आणलं. माझ्या कढईजवळ दोघं उभे. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मीही कशाला हलते!

"लाज काढून राह्यले तुमी माझी," शेट म्हणाला. "पोट्टा माझा, बार माझा, परवाना माझ्या नावाचा. दोस्तांपुढं त्याले ताक पाजू का मी?"

"कार्डावर वीस हाय शेट."

"कार्डावर! त्याच्या मायले विचारा. आज बावीस पूर्न झाले त्याले."

"मले कोनाले विचाराची गरज नाई," गुरुजी म्हणाले. "शाळेत त्याचं नाव म्याच लिवलं, कार्डावर तीच तारीख आली."

मी गॅस बारीक केला. शेट एकदम हळू बोलायला लागला, म्हणजे त्याचा राग आणखी वाढला होता. "मंग तुमाले तर खरं माहीत हाय. मी तवा तुमाले म्हटलं होतं, दोन वर्षं कमी लिवा, पोट्ट्याले पुढं नवकरीले कामी पडते. तुमी लिवलं. आता खरं माहीत असून काऊन नाटक करून राह्यले?"

"तवा तुमी सांगतलं ते लिवलं. आता लिवलं हाय ते पाहातो."

"उद्यापासून येऊ नका."

"बरं," गुरुजी म्हणाले. खिशातून चाव्या काढल्या. "आबकारीत अर्ज द्या, नव्या मानसाचं नाव लावा. तंवर तुमी सोता बसा काउंटरवर, नाईतर विक्री बंद ठेवा. चाव्या इथं ठेवू का बाईजवळ?"

शेटनं चाव्यांकडे बघितलं. त्याला काउंटरवर बसायचं म्हणजे शिक्षाच. पण आता माघार कशी घ्यायची! "मी बाप हाय त्याचा," तो म्हणाला. "मी सांगतो तो बावीसचा हाय. माझ्या शब्दाले काई किंमत हाय का नाई?"

"हाय ना. लेखी द्या."

गुरुजींनी खरंच वहीचा कागद फाडला आणि माझ्या पोळपाटावर ठेवला. एक पेन शेटच्या हातात दिलं. "लिवा. माझ्या मुलाला आज बावीस वर्षे पूर्ण झाली आहेत. शाळेतली तारीख खोटी आहे. सही करा. त्याच्या खाली मी लिवतो, की ते खोटं म्या लिवलं, आन् मी सही करतो. कागद रजिस्टरात लावतो, आन् मंग गिलास मी सोता भरून नेतो. माझी काई ना नाई."

आणि शेट भैताड, खुळाच, रागाच्या भरात लिहायला लागला! "मी, खाली सही करणार," इथपर्यंत आला. गुरुजी बाजूला उभे. ते शेटला अडवत नव्हते, पण दरवाजाकडे बघत होते, कोणीतरी यावं म्हणून.

दारात पोरगा येऊन उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. तो अगदी साधं बोलला. "बाबा, भरतीले वय एकवीसच्या आत लागते."

पेन थांबलं.

इकडे दारूला एकविसाच्या वर आणि तिकडे फौजेला एकविसाच्या आत! एकच पोरगा, एकच कागद, दोन्हीकडे कसा चालणार? मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. शेटला मात्र घाम आला. त्यानं तो कागद उचलला, चार तुकडे केले, आठ केले, आणि माझ्या गॅसच्या जाळावर धरले. त्याचं बोट भाजलं तरी त्यानं सोडले नाहीत.

"गेलं असतं," तो म्हणाला. "पोट्ट्याचं सगळं गेलं असतं. माझ्याच हातानं."

पोरानं बापाच्या हातावर थंड पाणी ओतलं. मग बाहेर जाऊन दोस्तांना म्हणाला, मला परीक्षा आहे, मी ताक पितो, तुमचं तुम्ही बघा. ते पाचही जण ताकच प्यायले, आणि माझी अख्खी कोंबडी फस्त करून गेले. गुरुजींनी स्वतः वाढलं. पोराच्या ताटात दोन वेळा रस्सा ओतला, नको नको म्हणत असताना. चाव्यांचं नाव कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना हजेरी झाली.

वाढदिवसाच्याच संध्याकाळी पसारा आवरताना मी गुरुजींना गाठलं. मी काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, "गुरुजी, येवढे नियमाचे पक्के, मंग खोटं लिवलंच काऊन?"

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला. म्हणाले, "येकट्या त्याचंच नाई बाई. किती लेकरांचं लिवलं असन, मोज नाई. बाप म्हने दोन वर्षं कमी करा, मी करो. कोनाले तारीखच माहीत नसे, त्याले मी एक जून देऊन टाको. त्या पट्ट्यातली अर्धी लेकरं एक जूनची हायत, माझ्या हातची. तवा वाटे, वर्ष दोन वर्षांनं कोनाचं काय बिघडते? लेकराले थोडा टाइम जास्त भेटते, येवढंच." जरा थांबून ते म्हणाले, "तो मिशीवाला आला होता ना, दोन लेकरांचा बाप, तो बी माझ्याच शाळेतला. मले का दिसत नाई तो केवढा हाय? पन मी आज म्हटलं की कागद खोटा, तर उद्या सगळ्यांचेच कागद खोटे. कोनाची नवकरी, कोनाची परीक्षा. म्या लिवलं, आता म्याच सांभाळलं पायजे."

त्या दिवशीपासून मी त्यांना कागदाला चिकटलेला म्हातारा म्हटलं नाही. मी त्यांना उगाच चहा करून दिला, साखर जास्त टाकून. ते म्हणाले, गोड झाला, आणि पूर्ण प्यायले.

तसे ते बदलले मात्र काही नाहीत. गांधी जयंतीला बंद बारसमोर एक मोठे पुढारी गाडीतून काच खाली करून "एकच" म्हणाले, तर गुरुजींनी त्यांना माझ्या हातचं लिंबूसरबत दिलं आणि वर म्हणाले, "आजच्या दिवसाले हेच शोभते जी." कोणी फार भांडायला लागलं तर त्याला उभं राहून फळा वाचायला लावायचे. वाचता वाचता माणूस थंड व्हायचा. आता ते लेकीकडे नांदेडला असतात. बारचा परवाना पुढच्या चिठ्ठ्यांमध्ये दुसऱ्याला गेला, मी माझी खानावळ काढली. पण शेटचा पोरगा निघाला तो दिवस सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

पोराची निवड झाली. पत्र आलं तेव्हा शेटनं अख्ख्या बाजारात पेढे वाटले, आमच्या बारच्या समोरच्या बारमध्येसुद्धा. जायच्या दिवशी पोरगा सकाळी हजेरीच्या वेळी आला. डोक्याचे केस बारीक कापलेले, पाठीला पिशवी. आमची रांग उभीच होती. तो गुरुजींच्या पाया पडला आणि हळूच विचारलं, "गुरुजी, माझं खरं वय तुमच्या तोंडून सांगा ना येकदा."

गुरुजींनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. ते त्याच्या कानाशी गेले आणि काहीतरी बोलले. मग मोठ्यानं म्हणाले, "आन् आता इसरून जाय."

पोरगा स्टँडकडे गेला. दहा वाजले, दार उघडलं, काट्यावरचा वजनदार आणि दोन ट्रकवाले येऊन बसलेसुद्धा. गुरुजी काउंटरवर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. अचानक म्हणाले, "परवानेवाला स्टँडवर हाय. नोकरनामेवाला बी स्टँडवर चालला. म्हंजे इथं कोनी इकू शकत नाई. विक्री बंद." आणि चपला घालून निघाले! मग आम्ही तरी कशाला थांबतो? मी गॅस बंद केला. शटर अर्धं ओढलं. वजनदार म्हणाला, कोरड्या तोंडी बसून काय करू, आणि तोही निघाला. ट्रकवाले मागून. सकाळी दहा वाजता बारची अख्खी वरात बस स्टँडवर.

नागपूरकडची बस लागलीच होती. पोरगा खिडकीत बसला. त्याची आई रडत होती, शेट नारळ फोडायला जागा शोधत होता. गुरुजींना बघितलं तसा शेट नारळ तसाच हातात घेऊन धावला, त्यांच्या गळ्यातच पडला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा रडत ओरडला, "गुरुजी, हे तुमच्यामुळं झालं! त्या दिवशी शाळेत तुमी ती दोन वर्षं..."

गुरुजींनी त्याच्या तोंडावर हात दाबला. "चूप बसा शेट! चूप! रस्त्यावर बोलाची गोष्ट हाय का ही?"

पाच पावलांवर एक पोलीस शिपाई उभा राहून पेरू खात होता. त्यानं मान वर केली. आबकारीच्या साहेबांना ताटकळत उभं ठेवणारे, पुढाऱ्याला सरबतावर परत पाठवणारे आमचे गुरुजी पांढरेफटक पडले. पाच वर्षांत मी त्यांना घाबरलेलं त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलं. खिडकीत पोरगा पोट धरून हसत होता आणि डोळे पुसत होता. शिपायानं आमच्या घोळक्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, आणि पुन्हा पेरू खायला लागला.

बस हलली. गुरुजींचा एक हात अजून शेटच्या तोंडावर होता, दुसरा त्यांनी पोराकडे हलवला. शेटनंही हात हलवला. बस हायवेला लागून दिसेनाशी झाली तरी ते दोघे म्हातारे एकमेकांना बिलगून तिथेच उभे होते, चोरी करून सुटलेल्या दोन पोरांसारखे, रडत आणि हसत.